दहाव्याचा शॉट

दार मालनबाईंनी स्वतः उघडलं आणि फारूखच्या हातातला व्हीसीआर खाली पडता पडता वाचला.

त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. ही बाई आम्ही आजवर फक्त मेलेलीच पाहिली होती. ‘हड्डियों का झूला’ या सिनेमात ती पहिल्यांदा दिसते तीच तिरडीवर, आणि नंतर सिनेमा संपेपर्यंत पांढरंफटक तोंड घेऊन झोपाळ्यावर बसते. मधे बरीच वर्षं गेली होती, केस पिकले होते, पण चेहरा तोच. फक्त आता तो हलत होता.

‘या की,’ त्या म्हणाल्या. ‘उनातनं आलासा. पाणी देऊ का च्याच टाकू?’

भूत आपल्याला चहाचं विचारतंय, हे पचवायला आम्हाला जरा वेळ लागला.

मी तेव्हा सांगलीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते आणि चारचौघांत शहाणी म्हणून खपत होते. फारूख शिकलगारची मिरजेत व्हिडिओ लायब्ररी होती. आम्हा दोघांना व्यसन एकच. भिकार, फुटकळ, आठवडाभरात उरकलेले भुताखेतांचे सिनेमे. चांगले नकोतच. सांगाड्याच्या कवटीवर मेडिकल कॉलेजचा नंबर दिसला पाहिजे, वटवाघूळ छत्रीच्या कापडाचं पाहिजे आणि पोट फाडल्यावर आतून सायकलची ट्यूब निघाली पाहिजे. माझी आई कपाळाला हात लावायची. ‘लग्नाच्या वयात रक्त काय बघत बसतेस?’ मी म्हणायचे, ‘रक्त कुठं, बीटाचा रस आहे तो.’ आणि तेच मला आवडायचं. घाबरायला मी ते सिनेमे कधीच पाहिले नाहीत. खिशात काही नसताना माणसांनी मरण उभं करायची जी धडपड केलेली असायची, तिच्यावर माझा जीव होता. शिवाय त्यातलं मरण खोटं आहे हे आंधळ्यालाही दिसायचं, त्याचा आधार वाटायचा.

‘हड्डियों का झूला’ आमचा सगळ्यात लाडका. त्यात सगळं खोटं होतं, एक शॉट सोडून. नदीकाठी त्या मेलेल्या सुनेचं दहावं चाललंय, दगडावर पिंड ठेवलाय, लोक मागे सरून उभे आहेत. मग आभाळातून कावळा उतरतो, सरळ पिंडापाशी येतो आणि शिवतो. एकच सलग शॉट. कुठं कात्री नाही, जोड नाही. ज्या दिग्दर्शकाला एक किंकाळी तीन बायकांना आणि एका घोड्याला पुरवून वापरावी लागली, त्याला हा कावळा कुठून मिळाला? यावर फारूखनं आणि मी किती संध्याकाळी घालवल्या असतील, सांगता येणार नाही.

म्हणून मालनबाईंची मुलगी वैजयंता एक दिवस लायब्ररीत येऊन ‘हाच सिनेमा आहे का तुमच्याकडं?’ म्हणाली, तेव्हा फारूख खुर्चीवरून उठून उभा राहिला. त्यानं मला फोन केला. मी कॉलेजातला तास सोडून आले.

पण वैजयंताला कौतुक नको होतं. ती औषधाच्या दुकानात कामाला होती, सव्वीस-सत्तावीसची, बोलणं मोजकं. आईच्या पोटात गाठ होती. डॉक्टर म्हणत होते, लवकर काढा, नाहीतर हाताबाहेर जाईल. आणि आई ऑपरेशनला तयार नव्हती.

‘का?’ मी विचारलं.

‘म्हणती, माझं दहावं झालंय. कावळा शिवलाय. मला आता मरण न्हाई.’ ती माझ्याकडे बघत नव्हती. ‘त्या सिनेमाच्या वक्ताला काय तरी झालं होतं. तवापास्नं हेच. मला फारूखभाईंनी सांगितलं, तुम्हाला ह्यातली सगळी फसवाफसवी कळती म्हणून. तेवढं तिला दावा, ताई. सगळं खोटं होतं म्हणून दावा. मग भिऊन तरी तयार हुईल.’

मी मोठ्या उत्साहानं हो म्हटलं. खोटं दाखवून देणं यात आमचा हात धरणारं कोणी नव्हतं.

पितृपंधरवडा चालू होता. दुपारची वेळ. त्या गल्लीत वाटणाचा आणि तळणाचा वास होता, आणि कुठल्या ना कुठल्या गच्चीवरून कोणीतरी कावळ्याला हाका मारत होतं. घर दोन खोल्यांचं. फारूखनं व्हीसीआर टीव्हीला जोडला, वैजयंतानं खिडकीवर चादर टांगली, आणि मालनबाई भिंतीला टेकून, एक हात पोटावर दाबून खाली बसल्या.

‘कवाच बगितला न्हाई बगा मी ह्यो,’ त्या म्हणाल्या. ‘हितं लागला तवा आमचं मालक म्हणालं, चल. म्या म्हटलं, मला नगं. सोताचं मढं कुणी बगतंय व्हय?’

सुरुवात झकास झाली. पडद्यावर तिरडी आली, मालनबाईंनी स्वतःला पाहिलं आणि म्हणाल्या, ‘आगं बाई, किती बारीक हुते!’ फारूख हसला, मी हसले. मी प्रत्येक ठिकाणी टेप थांबवून दाखवत गेले. ही बघा कवटीवरची अक्षरं. हे डोळे म्हणजे अंड्याचं टरफल. हे धुकं म्हणजे उदाचा धूर, कोपऱ्यात धुपाटणं धरलेला हातसुद्धा दिसतोय. मालनबाईंना भलतीच मजा येत होती. त्या पडद्याशी बोट नेऊन माणसं ओळखत होत्या.

‘ह्यो इठ्ठल, लायटीवाला. लई हसवायचा. गेला बिचारा.’ थोड्या वेळानं, ‘हा सासऱ्याचं काम करणारा. ह्यो बी गेला.’ मग, ‘ही माजी सासू. गेली. ह्यो दिवाणजी. गेला.’

सगळं अगदी साध्या आवाजात. घरातल्या लग्नाचा अल्बम दाखवताना बायका बोलतात तसं. पण टेप पुढे जात होती आणि मालनबाईंच्या ‘गेला’मध्ये खंड पडत नव्हता. मी हसायची थांबले. दिग्दर्शक एका गर्दीत हौसेनं उभा राहिला होता, तोही गेलेला निघाला. शेवटी मीच विचारलं, ‘यातलं आहे तरी कोण आता?’

त्यांनी विचार केला. ‘मीच की,’ त्या म्हणाल्या.

बाहेर गच्चीवरून परत हाक आली, ‘काव, काव.’ वैजयंता चहा टाकायला आत गेली.

आणि पडद्यावर नदी आली. मालनबाईंचा हात पोटावरून खाली गेला. त्या सरळ होऊन बसल्या.

‘थांबवा जरा,’ त्या म्हणाल्या. मी टेप थांबवली. पडद्यावर दगड होता, पिंड होता, पुढे बसलेले भटजी होते, मागे माणसांची रांग होती, आणि वर रिकामं आभाळ.

‘ह्ये भटजी खरंच मर्तिकाचं काम करायचं. नाटकातला भटजी पैसं लई मागत हुता, म्हणून ह्यास्नी आणलं. त्यांनी इचारलं, नाव सांगा, गोत्र सांगा. डायरेक्टर साहेब म्हणालं, सिनेमातल्या सुनेचं नाव रूपा, तेच म्हणा. भटजी म्हणालं, खोट्या नावानं मी पिंड देत न्हाई, माज्या तोंडात ते येनार न्हाई. लई हुज्जत झाली. उन कलाय लागलं. मग साहेब म्हणालं, मालनचंच नाव घाला की, काम तिचंच हाय. गोत्र कुणाला ठावं? मग काश्यप घातलं.’

‘आणि तुम्ही?’ फारूखनं विचारलं.

‘मी तिथंच. तोंडाला पांढरं फासून झाडाखाली बसल्याली. माजंच नाव घेऊन भटजी मला जेवाय बोलवत हुते. मला बी हसाय आलं पयल्यांदा.’

पण कावळा येईना. काठावर कावळ्यांना तोटा नव्हता, पण पिंडाजवळ एक फिरकेना. सगळे थट्टेवर आले. दहाव्याला लोक हात जोडून म्हणतात ना, तुझ्या लेकराला सांभाळू, तुझी इच्छा पुरी करू, तसं एकेकजण पुढे येऊन म्हणायला लागला. विठ्ठल म्हणाला, मालन, तुझी उधारी मी फेडीन. सासूचं काम करणारी म्हणाली, तुला नवी साडी घेईन. हशा पिकत होता. कावळा हलत नव्हता.

‘मग भटजी माज्याकडं बगून म्हणालं,’ मालनबाईंनी आवाज खाली आणला, ‘बाई, ह्यांचं काय खरं न्हाई. तुजी तू सांग. काय ऱ्हायलंय मनात?’

‘मग?’

‘मग मी उठले. हात जोडलं, डोळं मिटलं आणि मनातल्या मनात सांगितलं. आणि लोक वरडलं, शिवला, शिवला! मी डोळं उगडलं तवर तो उडाला हुता. मी काय बगितला न्हाई. समद्यांनी बगितला, मी न्हाई.’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हा मला त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा भीती दिसली. ‘म्हणून तुमी येताय म्हटल्यावर म्या नगं म्हटलं न्हाई. लोक काय, थट्टेनं बी वरडतील. येवढी वरसं मी इस्वासावर काढली. पोरीला म्हणती, मला काय हुत न्हाई. पर मनात येतंय, शिवलाच नसला तर? त्या टेबलावर भूल देऊन पाडतील मला मड्यावानी. तवा? लावा आता.’

मी टेप सोडली. कावळा आला. आम्ही शंभरदा पाहिलेला शॉट, पण त्या दिवशी तो मला नवा दिसला. रांगेतली माणसं हसत होती आणि कावळा उतरताना एकेकाचं हसू जात होतं. पिंडाच्या मागे, चौकटीच्या अगदी कडेला, पांढऱ्या साडीतल्या बाईचे जोडलेले हात दिसत होते. ते हात आम्हाला इतक्या वर्षांत कधी दिसले नव्हते. कावळ्यानं पिंडात चोच घातली.

‘शिवला,’ मालनबाई म्हणाल्या.

मला माझं काम आठवलं. ‘मालनबाई, त्याच्या पायाला काळा दोरा आहे,’ मी म्हणाले. ‘पाळीव कावळा असतो असा. आणि भातात शिरा घालतात, तुपातला.’

‘दावा दोरा.’

मी टेप मागे घेतली. पुढे सोडली. थांबवली. चित्र थरथरत होतं. कावळ्याचे दोन्ही पाय स्वच्छ दिसत होते. फारूख दुसरीकडे बघत होता.

मालनबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. ‘ऱ्हाऊ दे बाई. पोरीनं सांगितलं असंल तुला.’ त्यांचा चेहरा असा फुलला होता की पडद्यावरची बाई त्यांची आई वाटली असती. ‘माजं काम झालं. आता म्हणावं कापा. कवा बी कापा. मी मरत न्हाई.’

मी थक्क झाले. ज्याच्यासाठी आलो होतो ते झालं होतं, आणि ते आमच्या फजितीमुळे झालं होतं. मी बावळटासारखं विचारलं, ‘पण तुम्ही मागितलं तरी काय?’

‘दुसरं काय मागनार? पोर एवढीशी हुती. म्हटलं, माज्या वैजूचं लगीन हुईस्तवर मला ठेव.’

त्या खुदकन हसल्या आणि माझ्याकडे झुकल्या. ‘म्हणून तर हुऊ देत न्हाई मी. नांदणीचं स्थळ आलतं, चांगलं, शेताभाताचं. मीच मागल्या दारानं निरोप धाडला, पोरीला फिट येती म्हणून. जयसिंगपूरच्यास्नी बी तसंच कायबाय. पोरीला वाटतंय तिचं नशीब वाईट. जगू दे की मला थोडं. तिला बी माजीच गरज हाय.’

आतल्या दारात वैजयंता चहाचे कप घेऊन उभी होती. किती वेळ, ते कळलं नाही. तिनं कप खाली ठेवले. एकही थेंब सांडला नाही. मला वाटलं आता ती ओरडेल, रडेल, निदान आईला काही बोलेल. तिचा चेहरा उतरला होता, पण राग त्यावर नव्हता. ते दुसरंच काहीतरी होतं.

‘ऑपरेशनला तयार आहेस ना?’ तिनं विचारलं.

‘हाय की. दसरा झाला की ने.’

‘बरं,’ वैजयंता म्हणाली. ‘चहा घ्या, ताई.’

आम्ही चहा प्यायलो. फारूखनं वायरी गुंडाळल्या. मालनबाईंनी आग्रह करून मला घारगे बांधून दिले.

वैजयंता आम्हाला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत आली. फारूख स्कूटरला व्हीसीआर बांधत होता. तिनं मला भिंतीकडे घेतलं.

‘आमचं लग्न झालंय, ताई.’

मला समजेना. ‘कोणाचं?’

‘माझं. दुकानातलाच आहे, भरत. स्थळं मोडून मोडून कंटाळले होते. आई कुणालाच हो म्हणत नव्हती. म्हटलं, आधी करू, मग सांगू. श्रावणात सांगलीला जाऊन रजिस्टर केलं. मंगळसूत्र दुकानातल्या कपाटात ठेवलंय.’ तिनं ओठ दाबले. ‘गौरी आल्या त्या दिवशी आईच्या पोटात पहिल्यांदा दुखलं.’

मी मनात महिने मोजले, श्रावण, आणि लगेच भाद्रपदातल्या गौरी.

‘तिला सांगितलं तर ती टेबलावर चढायची नाही. गाठ तर काढलीच पाहिजे. न सांगता नेली तर ती त्या कावळ्याच्या भरवशावर आत जाणार, आणि त्याची मुदत तर श्रावणातच संपली.’ ती मला धरून हलवते की काय असं वाटलं. ‘ताई, तो कावळा खोटा होता ना?’

‘खोटा होता.’

‘दोरा होता?’

‘होता. टेप जुनी आहे, दिसत नाही नीट.’ आणि मी सांगत सुटले. पारधी लोक कावळा कसा धरतात, त्याला दोन दिवस उपाशी कसं ठेवतात, दोरा भटजींच्या मांडीखालून कसा नेतात. सगळं त्या क्षणी रचलेलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात सफाईदार व्याख्यान असेल. वैजयंता शेवटपर्यंत ऐकत राहिली. तिनं आतल्या दारातून, चादरीआडच्या त्या उजेडात माझं तोंडही पाहिलं होतं, आणि कावळ्याचे पायही.

मी थांबले. मग खाली बघत तिनं अगदी हळू विचारलं, ‘रजिस्टर लग्न धरत असेल का हो, ताई? ना हळद लागली, ना मंगलाष्टका झाल्या. अक्षतेचा एक दाणा पडला नाही डोक्यावर. नुसत्या सह्या केल्या.’

मी तिच्याकडे पाहिलं.

‘नाही धरत,’ मी म्हणाले.

‘अजिबात नाही,’ स्कूटरपाशी वाकलेला फारूख तिथूनच म्हणाला. ‘कावळ्याला रजिस्टर काय कळतंय?’

वैजयंतानं मान हलवली. पदरानं डोळे पुसले आणि घराकडे वळली.

दसऱ्यानंतर मालनबाई हसत हसत ऑपरेशन थिएटरात गेल्या आणि हसतच बाहेर आल्या. गाठ साधी निघाली. पुढे रजिस्टरचं प्रकरण त्यांना कळलं तेव्हा त्यांनी भिंतीवर डोकं आपटून घेतलं, आणि मग पहिला प्रश्न तोच विचारला, अक्षता पडल्या नाहीत ना? नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग पडू देऊ नका. भरतला त्यांनी जावई म्हणून कधी हाक मारली नाही. नातवंडांना मात्र जीव लावला. वैजयंतानं पुढे दोन्ही मुलांच्या बारशालासुद्धा अक्षतांचं ताट घरात येऊ दिलं नाही.

मी सिनेमे पाहतच राहिले. फारूखची लायब्ररी गेली, मग फारूखही गेला. तो एक शॉट मी परत लावून पाहिला नाही.

परवा वैजयंताचा फोन आला. मालनबाई आता अंथरुणाला खिळल्या आहेत. पाठीला जखमा झाल्या आहेत, रात्रंदिवस कण्हतात, आणि डॉक्टर म्हणतात हृदय मात्र ठणठणीत आहे. वर्षभर त्या लेकीच्या मागे लागल्या होत्या. आता लई झालं, वैजू, उरकून टाक. वैजयंता वर्षभर नाही म्हणत होती.

‘पुढच्या रविवारी करतोय,’ ती म्हणाली. ‘घरातल्या घरात. हळद, मंगलाष्टका, सगळं. मुलं खूश आहेत, आईबापांचं लग्न बघायला मिळणार म्हणून. तुम्ही याल ना, ताई?’

मी येते म्हणाले. मग विचारलं, मालनबाई काय करतायत?

‘उशाशी परात घेऊन पडल्यात,’ ती म्हणाली. ‘अक्षतांना कुंकू लावतायत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.’